दूधगंगेपलीकडची अक्षरं

कागल मागे पडतं, दूधगंगेचा पूल येतो आणि थोड्याच वेळात कोगनोळीचा नाका. ऊस तोच, माती तीच, रसवंतीच्या घुंगरांचा आवाजही तोच. बदलतात ती पाट्यांवरची अक्षरं. देवनागरीची शिरोरेघ सुटते आणि अक्षरं गोलावतात. निपाणी, संकेश्वर करत बेळगाव येईपर्यंत मी ती नुसती बघत बसतो. कन्नड मला वाचता येत नाही, पण तिची वळणं डोळ्यांना गोड लागतात. मग खाली इंग्रजी दिसतं आणि गाव कळतं.

मला कळतं, कारण मला इंग्रजी येतं. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या सीमा ओलांडून कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जातात. ट्रॉलीवर संसार, पोरंबाळं, कोयते. त्यांतल्या एखाद्या बाईने चौथीपर्यंत शाळा पाहिलेली असते. तिला देवनागरी वाचता येते, पण समोरच्या पाटीवरच्या दोन्ही ओळी तिच्याशी बोलत नाहीत. आणि विजापूर-बागलकोटकडून तळकोकणात बांधकामावर येणारा माणूस आपल्या पाटीपुढे असाच उभा राहतो. म्हणजे पाट्यांवर दुसरी भाषा अलीकडेही आहे, पलीकडेही आहे. ती इंग्रजी, आणि तिच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. दुरून येणाऱ्याची सोय आपण केली, शेजाऱ्याची राहिली. हे मला फार टोचतं.

श्रवणबेळगोळला विंध्यगिरीच्या पायऱ्या चढून गेलं की गोमटेश्वर समोर येतो. सुमारे 57 फुटांची एकसंध शिळा, हजार वर्षं उघड्या आभाळाखाली उभी. सगळे मान वर करून बघतात. मराठी माणसाने थोडं खालीही बघावं. मूर्तीच्या पायांशी लेख कोरलेले आहेत. गंगांचा मंत्री चावुंडराय याने ही मूर्ती करवली, एवढीच हकीकत. पण ती कन्नडमध्ये आहे, तमिळमध्ये आहे आणि मराठीतही आहे. पुढे होयसळांचा सेनापती गंगराज याने भोवतीचं आवार बांधवलं, त्याचीही नोंद मराठीत आहे. शाळेत आपण हा लेख मराठीतला पहिला म्हणून शिकलो. आता अक्षीचा लेख त्याआधीचा मानतात. पहिला कोणता या वादात माझं मन रमत नाही. मी थबकतो तो कोरवून घेणाऱ्याच्या मनापाशी. कन्नड मुलखाच्या ऐन मध्यात, जिथे मराठी लिहिण्याची कुणाची सक्ती नव्हती, तिथे ती लिहिली गेली. डोंगर चढून येणारा यात्रेकरू कुठूनही आलेला असेल, त्याला आपल्या अक्षरांत वाचता यावं, हाच विचार त्यामागे असावा. दगड कठीण, जागा थोडी, तरी छिन्नी पुन्हा पुन्हा चालली. कन्नडचं त्याने काही उणं झालं नाही.

आपल्याकडे अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूत नाव आहे. परिषद 1956ची, आणि तिच्या कामात उर्दू तेव्हापासूनच. त्यावर आक्षेप घेतला गेला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. एप्रिल 2025मध्ये न्यायालयाने सांगितलं, मराठीच्या जोडीला उर्दू लिहायला कायद्याची आडकाठी नाही. त्या निकालाने मला मनापासून आनंद झाला. पाटीवर मराठी वरच आहे. खालच्या ओळीत शेजारी आहे.

ताशी 80 किलोमीटरने धावणारी गाडी एका सेकंदात 22 मीटर पुढे जाते, तेवढ्यात चार लिप्या कोण वाचणार, असं विचारतात. खरंच आहे. म्हणून सगळीकडे सगळ्या भाषा नकोत. वळण, घाट, शाळा यांचे इशारे चित्रांतूनच द्यावेत. गावाचं नाव आणि बाण एवढंच लिहावं, स्थानिक भाषा सगळ्यांत वर आणि मोठी असावी. सीमेजवळ आणि यात्रेच्या गावी मात्र शेजाऱ्याची एक ओळ वाढवावी.

सीमेचा दावा 2004पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागो, पाट्यांनी त्याची वाट का पाहावी? बेळगावातली मराठी पाटी उतरवली की माझ्या जिवाला लागतं. ते ज्याला लागतं, त्याने सोलापुरातल्या, अक्कलकोटातल्या कन्नड माणसाचं मन ओळखायलाच हवं. ज्या विठ्ठलाला ज्ञानदेवांनी कानडा म्हटलं, त्याच्या पंढरपुराकडे कर्नाटकातून वारकरी पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात. तेव्हा सुरुवात आपणच करू या. पंढरपूरकडे जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर, मराठीच्या खाली, ठळक कन्नड अक्षरांत गावाचं नाव लिहावं, अशी माझी सार्वजनिक बांधकाम खात्याला विनंती आहे. बेळगावात मराठी पाटी मागताना मग आपला शब्द अधिक खरा ठरेल.