43 अंशांतली लॅब

मे महिना. बाहेर 43 अंश, आणि माझं लक्ष इनक्युबेटरच्या थर्मामीटरवर. आमचं यंत्र फक्त तापवतं, गार करत नाही. प्रतिजैविकांच्या चाचणीला 35 अंश लागतात, फार तर दोन अंश इकडेतिकडे. खोलीच 40 वर गेली तर आतला पारा कोण रोखणार? म्हणून लॅबमधला एकुलता एक एसी त्या खोलीला.

जिलेटिन उन्हाळ्यात पातळ होतं म्हणून 1880 च्या दशकात फॅनी हेसे यांनी जंतू वाढवायला अगर सुचवला. स्वयंपाकघरातलं ज्ञान ते! सोलापुरात बसून त्या बाईंचे उपकार रोज जाणवतात.

वीज गेली की दुसरा घोर: फ्रिजमधल्या, चाचणीसाठीच्या औषधाच्या चकत्या. उष्णतेने, ओलाव्याने त्यांची ताकद उतरते आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. इलाज एकच, ओळखीचा जंतू. ई. कोलायच्या 25922 या ठरावीक वाणावर जेंटामायसिनच्या चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ 19 ते 26 मिलिमीटर भरायलाच हवं. आज पट्टी लावली, 22 आलं. मगच पेशंटच्या प्लेटा हातात घेतल्या.

रक्ताच्या प्लेटांना मेंढीचंच रक्त, यावर मी हटून बसते. रक्तपेढीतलं मुदत संपलेलं रक्त सहज मिळतं, पण त्यात माणसाची प्रतिपिंडं असतात, कधी औषधंही. सांगोल्याकडे मेंढरांची काय कमी!

एका तान्ह्या बाळाच्या रक्तात क्लेबसिएला वाढलाय. छापील रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांना फोन केला. चालू औषध त्या जंतूला लागू पडत नाही. दुसरं ते आजच सुरू करतायत.