कामठीने शिकवलेली मराठी

पुण्याहून नागपूरच्या गाडीत बसले, तेव्हा आईने डब्यात दशम्या दिल्या आणि बरोबर उपदेशही. "परमुलूख आहे हो, जपून राहा," असे ती तीनदा म्हणाली. मला हसू आले. माझी एक मैत्रीण परदेशी इंग्रजी शिकवायला गेली होती. तिथले बोलणे, जेवण, हवा यांच्याशी झटता झटता ती रडकुंडीला आल्याची पत्रे मी वाचली होती. तिचा तो खराच परमुलूख. मी तर घरचीच भाषा घरच्याच माणसांना शिकवायला निघाले होते. एम.ए.ची पदवी गाठीला होती. महिना जुलैचा, साल 2006.

कामठी नागपूरच्या ईशान्येला, पंधरा-सोळा किलोमीटरवर, कन्हान नदीच्या काठी. 1817 साली सीताबर्डीच्या लढाईत भोसल्यांचा पाडाव झाला आणि इंग्रजांनी 1821 साली इथे छावणी वसवली. छावणीत मद्रासी पलटणी आल्या. त्यांच्यामागून तमिळ आणि तेलुगू कुटुंबे आली. उत्तरेकडून मोमीन विणकर आले. हातमाग खटखटू लागले, विड्यांचे कारखाने निघाले. लष्कर अजूनही आहे. गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र इथेच. आणि गावात ड्रॅगन पॅलेस हे देखणे बुद्धविहार आहे, जपानच्या नोरिको ओगावा यांच्या साहाय्याने 1999 साली उभे राहिलेले.

माझ्या घरमालकीणबाईंचे पूर्वज असेच पलटणीबरोबर आलेले. त्या देवाशी तमिळ बोलत, दूधवाल्याशी हिंदी, मोलकरणीशी नागपुरी आणि माझ्याशी या तिन्हींची मिसळ. पहाटे अजान ऐकू येई, मग छावणीतला बिगुल, मग बाईंच्या देवघरातली घंटा. पहिल्या दोन दिवसांतच माझ्या लक्षात आले की या गावात मराठी ही अनेक भाषांतली एक आहे.

तिसऱ्या दिवशी भाजीबाजारात गेले आणि कोथिंबीर मागितली. भाजीवाली नुसती पाहत राहिली. मी जुडीकडे बोट दाखवले, तेव्हा ती खळखळून हसली. "सांबार म्हना ना, बाई!" आम्हां पुण्याच्या लोकांचा सांबार इडलीबरोबर वाटीत येतो; इथे तो हिरवागार, जुडी बांधून मिळत होता. मी घरी येऊन ही गंमत आईला फोनवर सांगितली. "बघ, म्हटलं नव्हतं मी?" ती म्हणाली.

गंमत इथवरच राहिली असती, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

कॉलेजात पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी निबंध घातला, 'माझी आजी'. मागच्या बाकावरच्या एका मुलीने लिहिले होते, "माही आजी दिवसभर बिड्या बांधून राहाते. तिच्या डोयाले आता दिसत नाही, तं तिचे बोटं पाह्यतात." एवढ्या मजकुरावर मी लाल शाईच्या आठ खुणा केल्या. तेवढ्यावर न थांबता, अशुद्धाचा नमुना म्हणून तो वर्गात मोठ्याने वाचला. वर्ग हसला. त्या हसण्याने, खरे सांगते, मला बरे वाटले. पहिल्याच आठवड्यात वर्ग माझ्या बाजूचा झाला, असे वाटले.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली नाही. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही नाही. मी चौकशी केली, तर तिची मैत्रीण म्हणाली, "मॅडम, ते म्हनते का मले मराठी येत नाही."

त्या रात्री मी 'लीळाचरित्रा'वरच्या व्याख्यानाची टिपणे काढत बसले होते. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केला, तो रिद्धपूरला. म्हणजे शेजारच्या अमरावती जिल्ह्यात. ज्यांच्या आठवणी त्यात आहेत ते चक्रधरस्वामी परंपरेप्रमाणे मूळचे गुजरातचे, भडोचकडचे. पण उपदेश केला तो इथल्या बाया-माणसांच्या बोलीत. पुढे केशिराजबास संस्कृतात ग्रंथ करू लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. आपल्या म्हाताऱ्यांना ते कळायचे नाही, त्या वंचित होतील, म्हणून. हे मी परीक्षेत सुवाच्य अक्षरात लिहिले होते आणि चांगले गुण मिळवले होते. परमुलखातून आलेल्या माणसाने इथली बोली उचलली. आणि मी, याच राज्यातली, लाल शाईची दौत घेऊन आले होते!

रविवारी घरमालकीणबाईंना सोबत घेऊन मी त्या मुलीचे घर शोधले. आजी उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बसली होती. तेंदूचे कापलेले पान, चिमूटभर तंबाखू, वळी, दोऱ्याची गाठ. नजर समोर कुठेतरी लागलेली आणि बोटे आपली चाललेली. निबंधातले वाक्य मी डोळ्यांनी पाहत होते. त्यात चूक एकही नव्हती.

"जयभीम, बाई," आजी म्हणाली. आज लाखो लोकांच्या तोंडी असलेले हे अभिवादन रूढ केले ते याच कामठीच्या बाबू हरदास यांनी. 1904 साली जन्मलेल्या आणि 1939 साली, ऐन पस्तिशीत, गेलेल्या या माणसाने विडी कामगारांना संघटित केले होते. मराठीला एवढा मोठा शब्द देणाऱ्या गावात मी भाषा शुद्ध करायला आले होते. मी "जयभीम" म्हटले, पण जरा उशिरा.

चहा झाला. मुलगी आतच होती. माझी क्षमायाचना आजीने शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाली, "तिले तुमच्यावानी बोलाले शिकवा, बाई. शिकाच लागते. पन माह्यासंग बोलनं इसरली, तं मी कोनासंग बोलू?"

सोमवारी मुलगी वर्गात आली. मी तिची दोन वाक्ये फळ्यावर लिहिली; शेजारी प्रमाण मराठीतली. वर्गाला सांगितले, "परीक्षेत ही दुसरी लिहायची, ते शिकवणे माझे काम. पण पहिली चूक नाहीत. चूक माझी झाली." या वेळी कोणी हसले नाही.

मराठीला ऑक्टोबर 2024 मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रिद्धपूरला मराठी भाषेचे विद्यापीठ झाले. आमच्याकडे पेढे वाटले गेले, भाषणे झाली, एक मीही केले. भाषण करताना मला ती मागच्या बाकावरची मुलगी आठवत होती. त्या वर्षी ती चांगल्या गुणांनी पास झाली. तिचे पुढचे सगळे निबंध शुद्ध होते. लाल खूण करायला मला जागाच सापडत नसे.

पण आजीवर तिने पुन्हा कधी एक ओळही लिहिली नाही.