रात्री अकराचा सराव

अमेरिकेत डेट्रॉइटला लागून डिअरबॉर्न आहे, फोर्ड मोटारींचे गाव. कारखान्याच्या रोजीरोटीने इथे अरब कुटुंबे आली आणि इथलीच झाली. फोर्ड रोडने गेले की मिनारांची मोठी मशीद लागते, आणि त्याच रस्त्यावर 1928 सालचे फोर्डसन हायस्कूल. फोर्डसन हे खरे तर फोर्डच्या ट्रॅक्टरचे नाव, म्हणून शाळेचा संघही ‘ट्रॅक्टर्स’!

इथला फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर जड पॅड आणि अंगावर येणारी टक्कर.

2010 साली हंगामाआधीचा सराव नेमका ऑगस्टमधल्या रमजानात आला. बहुतेक मुले रोजेदार. भर उन्हात पाण्याच्या घोटाशिवाय धावणे जिवाशी खेळ. सराव बुडवला तर हंगाम हातचा जाणार. प्रशिक्षक फुआद झबान यांनी वेळच फिरवली: रात्री अकरा ते पहाटे चार. इफ्तार करून आलेली मुले दिव्यांच्या उजेडात धावत, हवे तेवढे पाणी पीत. सराव सुटेपर्यंत सहेरीची वेळ झालेली असे. घरातल्या आयांची झोप कशी होत असेल, हा विचार मात्र मनात येतोच.

रशीद गाझी यांनी या संघावर माहितीपट काढला, तो 2011 मध्ये आला. त्यात समोरचा संघ आहे त्याच गावातल्या डिअरबॉर्न हायस्कूलचा.