पाणंदीवरून बर्गंडी

घोडबंदर रोडवर सायकल चालवणाऱ्या माणसाला रस्त्याकडून फार अपेक्षा नसतात. पहाटे अंधारात कासारवडवलीहून निघायचं, मेट्रोचे पत्रे, खड्डे आणि कंटेनर चुकवत गायमुखला खाडीचा वारा खायचा आणि रहदारी वाढायच्या आत घरी यायचं. त्यामुळे फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात, बोन गावाबाहेर आमच्या गाइड मुलीने सायकली एका अरुंद वाटेवर वळवल्या, तेव्हा सवयीने मी मागे वळून पाहत राहिले. मागून काहीच येत नव्हतं. एक ट्रॅक्टर तेवढा समोरून आला, आम्हाला पाहून कडेला थांबला आणि चालकाने हात हलवून आम्हाला आधी जाऊ दिलं.

ही वाट बोनहून दक्षिणेला सान्तने गावापर्यंत जाते, साधारण २२ किलोमीटर. पोमार, वोलने, मर्सो, प्युलिन्यी-मोंराशे. जगभरच्या महागड्या हॉटेलांच्या मद्ययादीत वाचायला मिळणारी ही नावं इथे दगडी घरांच्या छोट्या गावांची आहेत, आणि दोन गावांच्या मध्ये द्राक्षाशिवाय दुसरं काही नाही. सामान पुढे व्हॅनमधून जातं, आपण फक्त पेडल मारायचं.

माझ्याबरोबर माझे मामा होते. निफाडचे द्राक्ष बागायतदार, सगळं आयुष्य बागेत गेलेलं, गळ्यात तुळशीची माळ. वाइनच्या मुलखात माळकरी माणसाने काय करायचं, असं घरात बऱ्याच जणांनी विचारलं होतं. मामांचं उत्तर ठरलेलं होतं : "मला बाग बघायचीय." त्यांच्यासाठी बॅटरीची सायकल ठेवली होती, ती त्यांनी नाकारली.

पोमारच्या अलीकडेच त्यांनी सायकल स्टँडवर लावली आणि सरळ उकिडवे बसले. समोरची वेल त्यांच्या कमरेपेक्षा उंच नव्हती. आपल्याकडे द्राक्ष म्हणजे मांडव, डोक्यावर घड, खाली सावली. इथे बुटक्या वेलींच्या दाट ओळी, दोन ओळींत जेमतेम हाताचं अंतर. गाइडने सांगितलं, हेक्टरी दहा हजार वेली. मामांनी मनात भागाकार केला : एकरी चार हजार! त्यांच्या बागेत एकरी हजारही नाहीत. एवढ्या दाटीत ट्रॅक्टर शिरतो कसा, हे विचारेपर्यंत तो आलाच. ओळीच्या दोन्ही बाजूंना चाकं टाकून, वेलीला पोटाखालून जाऊ देत चालणारं ते उंच यंत्र दिसेनासं होईपर्यंत मामा पाहत राहिले.

मग त्यांनी बोटाने खोडाजवळची माती बाजूला सारली. तिथे कलमाचा सांधा होता, गाठीसारखा फुगलेला. "हे बघ पोरी, खाली दुसराच खुंट." एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सच्या बागा मुळापासून खाल्ल्या. उपाय सापडला तो अमेरिकन खुंटावर कलम करण्याचा. निफाडच्या बागेत मामा ज्या डॉगरीज खुंटावर कलमं बांधतात, तोही अमेरिकेतला, टेक्सासकडचा. आपल्याकडे तो पाण्याचा ताण आणि खारवट जमिनीसाठी घेतला जातो, कारण वेगळं. पण वरचं झाड एका देशाचं आणि मुळं दुसऱ्या देशाची हा व्यवहार दोन्हीकडे एकच.

फरक मात्र डोळे विस्फारायला लावणारे. इथे ठिबक नाही. नामांकित बागांना पाणी देण्याची परवानगीच नाही. पावसावर जे येईल ते. छाटणी वर्षातून एकदा, हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना. नाशिकची वेल झोपत नाही, म्हणून एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी. आणि उत्पादनावर वरून मर्यादा : सर्वांत वरच्या दर्जाच्या तांबड्या वाइनच्या बागेतून एकरी ढोबळमानाने दोन टनांच्या पलीकडे माल काढायचा नाही. एकरी दहा-बारा टन काढणारा माणूस हे ऐकून गप्प झाला. मग म्हणाला, "आम्हाला कुणी सांगितलं नाही की कमी पिकवूनही पोट भरतं."

बोनच्या उत्तरेकडच्या वोन-रोमाने गावात तो हिशेब अजूनच गोंधळला. दगडी कुंपण, एक साधा क्रूस, आणि आत पाय ठेवू नका अशी विनंती करणारी पाटी. ही रोमाने-कोंती. क्षेत्र १.८ हेक्टर, म्हणजे साडेचार एकराच्या आत-बाहेर. वर्षाला पाच-सहा हजार बाटल्या निघतात आणि एकेका बाटलीची किंमत लाखांत जाते. निफाडमध्ये साडेचार एकरवाला अल्पभूधारकांत मोडतो.

जमिनीच्या वाटण्या तर इथेही झाल्या आहेत. सगळ्या मुलांना सारखा हिस्सा हा नेपोलियनच्या काळचा कायदा. क्लो द वूजो ही साधूंनी भिंत घालून जपलेली जुनी बाग सुमारे ५० हेक्टरांची, आज तिचे मालक ८०च्या आसपास. काहींच्या वाट्याला मोजक्या ओळी. पण तुकडा पडला म्हणून मोल घटलं नाही, कारण प्रत्येक तुकड्याची माती, उतार आणि ऊन यांची नोंद शेकडो वर्षं ठेवली गेली. नाव असलेले असे १,२४७ तुकडे २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. मामांना हे नवं वाटलं नाही. "आपल्या वावरांना नावं आहेतच की. चिंचेचं, विहिरीवरचं, पांढरीचं. फक्त सातबाऱ्यावर नंबर येतो."

बोनमध्ये रंगीत कौलांचं जुनं इस्पितळ पाहिलं. १४४३ साली निकोला रोलें यांनी ते गोरगरिबांसाठी स्थापन केलं. लोकांनी त्याला द्राक्षबागा दान दिल्या. त्या बागांच्या वाइनचा लिलाव १८५९पासून नोव्हेंबरात होतो. तळघरात चव घेताना मामांनी पेला नाकाशी धरला, बराच वेळ वास घेतला आणि माझ्याकडे दिला. माळेचा मान राहिला, आणि वासावरून त्यांनी सांगितलं की मालाला ऊन चांगलं लागलंय. गाइड मुलगी मान डोलावत राहिली.

सर्वांत जवळचं वाटलं ते एप्रिलच्या रात्रींचं बोलणं. कोंब फुटल्यावर हिमकडाका आला की हे शेतकरी ओळींमध्ये शेकडो मेणबत्त्या पेटवून जागतात. २०२१च्या एप्रिलने तरीही मोठं नुकसान केलं. निफाडचा पारा महाराष्ट्रात अनेकदा तळाशी. थंडीच्या लाटेत मामाही बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे पाणी सोडतात. मेणबत्त्यांचा फोटो त्यांनी मोबाइलवर मोठा करून पाहिला.

ज्या वाटेने आम्ही गेलो, ती खास पर्यटकांसाठी बांधलेली नाही. बागायतदारांचा माल ने-आण करायचा तो शेतरस्ता आहे. तो फक्त नीट केला, फाट्या-फाट्यावर पाट्या लावल्या आणि नकाशावर आणलं. आपल्या भाषेत पाणंद. २०२१ साली सुरू झालेल्या मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून महाराष्ट्राने पाणंद रस्ते हाती घेतलेच. गंगापूर धरण, गिरणारे, दिंडोरी या पट्ट्यात वाइनरी आहेत, बागा आहेत, आणि २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण करणाऱ्या महाजन बंधूंचं नाशिक शेजारी आहे. जिल्हा परिषदेने यातल्या काही पाणंदी जोडून पाट्या लावाव्यात, वळणांवर गावांची आणि वावरांची नावं लिहावीत, आणि जानेवारी ते मार्च, तोडणीच्या दिवसांत, ही वाट सायकलवाल्यांसाठी खुली करावी. निफाडपासून सुरुवात करायची असेल, तर मामांनी आपल्या बागेतून जाणारा रस्ता द्यायची तयारी दाखवली आहे.