ह्यांची फिरती आणि आपलं बिऱ्हाड

तुमच्या घरातला कर्ता माणूस महिन्यातले पंधरा-वीस दिवस बॅग उचलून गावोगाव हिंडत असेल, तर मैत्रिणींनो, हे चार शब्द तुमच्यासाठी आहेत. औषध कंपनीचे प्रतिनिधी, यंत्रं विकणारे, ती बसवून देणारे, हिशेब तपासायला जाणारे, सगळ्यांच्या घरी प्रश्न एकच. माणूस फिरणार सगळीकडे. मग बिऱ्हाड करायचं कुठं? आणि तेही खिशाला परवडेल असं?

आमच्या ह्यांचं काम कारखान्यांना पंप आणि त्यांचे सुटे भाग विकण्याचं. फिरती वापी, अंकलेश्वर, सुरत अशी, आणि मधूनच नाशिक. आम्ही राहायचो बोरिवलीला, दीड खोलीत, भाड्यानं. मुंबई सोडायची नाही, असं सासरी-माहेरी सगळ्यांचं ठाम मत. पण दर वर्षी भाडं वाढायचं आणि पगारातला मोठा घास तिथंच जायचा. एका रविवारी मी सहज कॅलेंडर काढलं आणि गेल्या महिन्यात हे किती रात्री घरी झोपले ते मोजलं. अकरा! म्हणजे एवढं भाडं भरून त्या घरात आम्ही तिघीच राहत होतो, मी आणि दोन मुली.

मग वही घेऊन बसलो. विरार, पालघर, बोईसर आणि वापी अशी चार नावं लिहिली. विरार मुंबईला जवळ, गाड्या भरपूर. पण ह्यांची फिरती उत्तरेला, तेव्हा त्या जवळिकीचा आम्हांला उपयोग थोडा. वापी ह्यांच्या सोयीचं. पण मुलींची शाळा, बोर्ड, रेशनकार्ड सगळंच दुसऱ्या राज्याचं होणार. पालघर छान, शांत. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून वेगळा पालघर जिल्हा झाला, तेव्हापासून सरकारी कचेऱ्याही तिथंच. दांडेकर महाविद्यालय गावातच. पण त्याच मानानं घरांचे भाव चढलेले. राहिलं बोईसर, आणि बोईसरला लागून असलेलं सालवड.

सालवड हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, मीही ऐकलं नव्हतं. चर्चगेटहून डहाणू लोकल पकडली की विरारनंतर वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी आणि मग बोईसर. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. वैतरणेच्या पुलावर खाडीचा वारा लागला की मुंबई मागं पडल्यासारखं वाटतं. डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली सुरू झाली. त्याआधी इथल्या लोकांची सारी भिस्त शटल आणि पॅसेंजर गाड्यांवर. बोईसर स्टेशनाच्या पश्चिमेला उतरून शेअर रिक्षात बसलं की तारापूर औद्योगिक वसाहत लागते आणि तिला चिकटूनच सालवड. कामासाठी देशभरातून आलेली माणसं शेजारी शेजारी राहतात. जिन्यात मराठी, हिंदी, गुजराती, भोजपुरी अशा चारही भाषा ऐकू येतात. बाजारात सुके बोंबील आणि जवळा, उन्हाळ्यात ताडगोळे, आणि घोलवडचे चिकू. सातपाटीचं पापलेट चांगलं मिळतं, पण त्याचा भाव आधी विचारा आणि मगच पिशवी पुढं करा!

इथं राहायला आल्यावर भाडं जवळजवळ निम्म्यावर आलं. पण खरा फायदा मला दुसऱ्या महिन्यात कॅलेंडर पाहून कळला. वापी बोईसरहून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. पूर्वी तिथलं काम लांबलं की हे लॉजवर राहायचे. आता रात्री उशिरा का होईना, घरी येऊ लागले. अकराच्या अठरा रात्री झाल्या. धाकटीला बाबा सकाळी दाढी करताना दिसू लागले. नाशिकला जायचं तर मनोर, जव्हार, त्र्यंबकवरून रस्ता आहे. अहमदाबादचा महामार्गही चिल्हार फाट्याला गाठता येतो. म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की मोठ्या शहराजवळ राहण्यापेक्षा फिरतीच्या वाटेवर राहिलेलं बरं.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई जाहिरात करतेय!

वाचलेले सगळे पैसे हातात उरत नाहीत. लोकल मुंबईसारख्या मिनिटामिनिटाला नाहीत. एक चुकली तर तासभर फलाटावर बसायची तयारी ठेवावी लागते. लांब पल्ल्याच्या कितीतरी वेगवान गाड्या बोईसरला थांबत नाहीत, तेव्हा बोरिवली नाहीतर वापी गाठावी लागते. विमान पकडायचं असेल तर अर्धा दिवस त्यातच मोडतो. रिक्षा, येणं-जाणं आणि माहेरच्या वाढलेल्या फेऱ्या यांचा हिशेब वहीत मांडलात, तरच खरी बचत कळेल.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट हवेची. तारापूरची वसाहत रसायनं, औषधं, कापड आणि पोलाद यांच्या कारखान्यांची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत देशभरातल्या औद्योगिक क्षेत्रांत तारापूरचा प्रदूषणाचा आकडा सर्वांत वरचा निघाला, शंभरात ९३.६९. इथल्या सांडपाण्याविरुद्ध मच्छीमार समाजाला हरित लवादाकडे दाद मागावी लागली. हे सगळं आम्ही ऐकून होतो. पण घर पाहायला आलो तो रविवारी, दुपारी, लख्ख उन्हात. तेव्हा नाकाला काहीच लागलं नाही.

पहिल्याच पावसाळ्यातली गोष्ट. हे अंकलेश्वरला. रात्री दोनला धाकटीला अशी धाप लागली की तिला धड रडताही येईना. खिडकीतून उग्र वास येत होता, बाहेर धो धो पाऊस, रस्त्यावर एक रिक्षा नाही. ह्यांना फोन केला खरा, पण ते तिथून काय करणार? शेवटी तळमजल्यावरच्या मावशींचं दार वाजवलं. त्यांच्या मुलानं मासळीचा टेंपो काढला आणि आम्ही त्यातून दवाखाना गाठला. पहाटे पोर शांत झाली तेव्हा डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला, “बाई, तुमच्या खिडक्या कुठल्या बाजूला उघडतात?”

हे परत आल्यावर आमचं चांगलंच वाजलं. ह्यांचं म्हणणं, भाडं कमी आहे, गाडी सोयीची आहे, थोडं सोसू. मी कॅलेंडर पुढं ठेवलं. म्हटलं, “तुमच्या अठरा रात्री झाल्या, हे मला मान्य. पण आमच्या तीस आहेत. त्या कुणी मोजायच्या?” ते गप्प बसले. पुढच्याच महिन्यात आम्ही घर बदललं. सालवडमध्येच राहिलो, पण कारखान्यांपासून लांबच्या अंगाला, दवाखान्याच्या जवळ. भाडं थोडं जास्त पडतं. धाकटीला तसा त्रास पुन्हा झाला नाही, तरी वाऱ्याची दिशा फिरली की मी अजून खिडकी लावून घेते. आणि घर विकत घेण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवलाय. तिला वर्षभरात पुन्हा धाप लागली तर सामान उचलायला मोकळं असलेलं बरं.

तुम्हीही या बाजूला घर बघणार असाल तर काही गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा. घर तीनदा पाहा. एकदा दुपारी, एकदा रात्री अकरानंतर आणि एकदा भर पावसात. पाणी कुठून येतं ते विचारा. सूर्या नदीवरच्या धरणाचं नळाचं पाणी आहे, की विहीर, कूपनलिका, टँकर? औद्योगिक पट्ट्यात जमिनीतलं पाणी तपासून घेतल्याशिवाय पिऊ नये. रात्री उघडणारा डॉक्टर कोण, ते दलालाला नव्हे, शेजारणीला विचारा. मोठ्या दुखण्याला इथली माणसं मुंबई, वापी नाहीतर सिल्वासा गाठतात, हेही लक्षात असू द्या.

विकत घ्यायचं असेल तर सातबारा, बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा आणि भोगवटा दाखला पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका. नवी इमारत असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. या जिल्ह्यात आदिवासींच्या जमिनी पुष्कळ आहेत आणि अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून बिगर आदिवासीला विकता येत नाही. स्वस्त मिळते म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर आधी हे तपासा. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के बसत आले आहेत, तेव्हा बांधकाम पक्कं आहे ना, तेही जाणत्याकडून पाहून घ्या. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासूनचं. त्या बाबतीत घाबरून काही साधत नाही. आपत्कालीन सरावाच्या सूचना आल्या की त्या वाचाव्यात आणि मुलांनाही समजावून सांगाव्यात.

आणखी एक. बुलेट ट्रेनचं स्टेशन बोईसरला होणार आहे. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. जागोजागच्या फलकांवर या दोन्ही नावांनी घरं विकली जातात. पण उद्या येणाऱ्या गाडीच्या भरवशावर आज कर्ज काढू नये. आज जी लोकल धावते तिच्याच वेळापत्रकावर संसार चालतो.

मग सालवड चांगलं की वाईट? ज्यांची फिरती गुजरातच्या वाटेवर आहे, पगार बेताचा आहे आणि घरात दमेकरी किंवा तान्हं मूल नाही, त्यांनी जरूर पाहावं. छातीचं दुखणं असेल तर चार पैसे जास्त द्या, पण पालघरच्या बाजूला राहा. ठरवण्याआधी मात्र भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा. ह्यांच्या घरातल्या रात्री लाल पेन्सिलीनं मोजा, आपल्या निळ्या पेन्सिलीनं. आणि घर बघायला जाताना ह्यांना सवड नसली, तर शेजारणीला बरोबर घ्या, पण स्वतः जा. राहायचं आपल्याला आहे.