रंगाची साक्ष

मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत आमची हयात गेली. अस्सल कागद कोणता आणि नक्कल कोणती, हे ओळखण्यास कचेरीत वाचनाची गरज फारशी पडत नसे, रंग पुरे. निळी सही, जांभळा शिक्का, राजपत्रित अधिकाऱ्याची हिरवी शाई. नक्कल मात्र काळीपांढरी, आणि ते बिनरंगीपण हाच तिचा प्रामाणिकपणा होता.

हा संकेत रंगीत लेसर प्रिंटरने मोडला. त्यामागील तत्त्व तसे जुनेच. चेस्टर कार्लसन यांनी १९३८ साली स्थिर विद्युतभाराच्या साहाय्याने कोरडी नक्कल काढून दाखविली. पुढे झेरॉक्स कंपनीतील गॅरी स्टार्कवेदर यांनी त्याला लेसर किरणाची जोड दिली. दंडगोलावर किरण पडला की तेथील भार बदलतो, त्या खुणेवर टोनरची भुकटी चिकटते आणि उष्णतेने कागदावर वितळून बसते. रंगीत पानासाठी हा खटाटोप आकाशी, किरमिजी, पिवळा व काळा अशा चार रंगांचा. आरंभीच्या यंत्रांत तो एकामागून एक चार वेळा होई. म्हणूनच १९९४ साली आलेले ह्यूलेट-पॅकार्डचे कलर लेसरजेट मिनिटाला काळी १० पाने काढी, रंगीत मात्र २. किंमत ७,२९५ डॉलर. लहान कचेरीने ते घेण्यापूर्वी दहादा विचार करावा, असाच तो आकडा होता.

पुढे किमती उतरल्या आणि हे यंत्र गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात आले. आमच्या नात्यातील एका घराण्यात पूर्वजांचा एक मोडी कागद होता. वाटणीच्या वेळी त्याच्या रंगीत नकला निघाल्या. पिवळटपणा, डाग, शिक्क्याची पुसट कड, सारे जसेच्या तसे. आज तिघा भावांच्या घरी तीन चौकटी टांगलेल्या आहेत आणि प्रत्येकास आपलाच कागद अस्सल वाटतो. मोडी वाचणारा मात्र तिन्ही घरांत एकही नाही!

गंमत अशी की, कित्येक रंगीत लेसर यंत्रे स्वतःची साक्ष गुपचूप नोंदवीत असतात. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २००५ साली झेरॉक्सच्या डॉक्युकलर यंत्राने पानावर उमटविलेल्या सूक्ष्म पिवळ्या ठिपक्यांचा उलगडा केला. त्यांत यंत्राचा क्रमांक, छपाईची तारीख आणि वेळ असे. यंत्रास जे सुचले, ते आम्हां माणसांस का सुचू नये?

तेव्हा वाचकहो, घरातील जुन्या कागदाची रंगीत नक्कल जरूर काढावी. ती अस्सलाचे आयुष्य वाढविते. परंतु तिच्या पाठीवर ‘नक्कल’ हा शब्द, तारीख आणि अस्सल कोणाकडे आहे, हे आपल्या हाताने लिहावे. शंका आल्यास कागद उजेडात तिरपा धरावा. टोनर पृष्ठभागावर किंचित चमकतो. बोरूची शाई कागदात मुरलेली असते. आणि मोडी जाणणारा कोणी भेटलाच, तर आधी मजकूर वाचून घ्यावा. रंग यंत्र देते. अर्थ माणसासच लावावा लागतो.