पिवळ्या पायांचं देणं

ओहायोत मी आले ती नवऱ्याच्या नोकरीमुळे, पण तिथे रुळले ती आमच्या रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्या एका निवृत्त इलेक्ट्रिशियनमुळे. माझी मुलं त्यांना ‘कोंबडीवाले आजोबा’ म्हणायची. हे नाव त्यांना इतकं आवडलं, की आमच्याकडे फोन केला की तेही मोडक्यातोडक्या उच्चारात स्वतःची ओळख तशीच द्यायचे. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांचे पक्षी माझ्या खुराड्यात आहेत आणि त्यांनी हाती घेतलेलं काम अजून पुरं व्हायचं आहे.

ते काम म्हणजे वायनडॉट बँटममध्ये लव्हेंडर रंग बसवणं. वायनडॉट ही अस्सल अमेरिकन जात. रुपेरी पिसाला काळी किनार असलेला तिचा प्रकार १८८३ साली ‘स्टँडर्ड ऑफ परफेक्शन’मध्ये दाखल झाला. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनचं हे पुस्तक पहिल्यांदा १८७४ साली निघालं. कोणत्या जातीच्या कोंबडीचं काय कसं असावं, हे त्यात चोचीपासून नखापर्यंत लिहिलेलं असतं. बँटम म्हणजे त्याच जातीचं छोटं रूप. वायनडॉटचा पुरता वाढलेला बँटम कोंबडा ३० औंसांचा, म्हणजे साधारण साडेआठशे ग्रॅमचा.

पाटण तालुक्यातल्या माझ्या आजीच्या लेखी कोंबडी काळी असायची, तांबडी असायची नाहीतर कबरी, आणि रंग फक्त ओळख पटवण्यापुरता. अंडी घालते का, वेळेवर खुडूक बसते का, घार आली की पिलं पंखाखाली घेते का, हे ती बघायची. माझं कोंबड्यांचं शिक्षण तेवढंच. कोंबडीवाल्या आजोबांनी त्याला कधी कमी लेखलं नाही. रात्री अंधारात खुडूक कोंबडीच्या पोटाखाली मी अंडी सरकवली आणि ती गप्प बसून राहिली, हे त्यांनी पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी खुराड्याची किल्ली माझ्या हातात दिली.

लव्हेंडर आणि निळा यांत लोकांची गल्लत होते. निळ्या कोंबड्याला निळी कोंबडी दिली तर निम्मीच पिलं निळी निघतात, पाव काळी आणि पाव पांढुरक्या अंगावर शिंतोडे असलेली. तो रंग जोडीत कधी टिकतच नाही. लव्हेंडर आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो, पण एकदा दिसला की लव्हेंडरच्या जोडीची सगळी पिलं लव्हेंडरच होतात. पिसाला गडद किनार नसते, डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच फिकट, राखी-जांभळट छटा. रंगकण तयार होतात पण पिसात नीट पसरत नाहीत, म्हणून काळ्याचा असा रंग होतो. हे ज्या जनुकामुळे घडतं ते २००८ साली संशोधकांनी दाखवून दिलं.

आजोबांनी हा रंग आणला अँटवर्पच्या दाढीवाल्या बँटमकडून, कारण त्या जातीत तो आधीपासून मान्य होता. पण रंग एकटा येत नाही. त्याच्याबरोबर दाढी आली, लहान चण आली आणि पांढरी कातडी आली. वायनडॉटला दाढी चालत नाही, अंग गोल भरदार लागतं आणि पाय पिवळेच लागतात. शिवाय तिचा तुरा चपटा, बारीक दाण्यांचा. हा तुरा ज्या नराला दोन्हीकडून मिळालेला असतो त्याची अंडी फळवण्याची ताकद कमी असते, म्हणून उभ्या साध्या तुऱ्याच्या काही कोंबड्या ते मुद्दाम राखून होते. प्रदर्शनात त्यांना कोणी बघणारही नाही, पण त्यांच्यावाचून पुढची पिढी अडली असती.

पिवळ्या पायांनी आम्हाला सगळ्यात जास्त दमवलं. पांढरी कातडी पिवळीला झाकते. त्यामुळे पहिल्या संकराच्या एकाही पिलाचे पाय पिवळे नव्हते, पुढच्या पिढ्यांत ते तुरळक दिसू लागले. त्याच सुमारास मी एक लेख वाचला. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी, तेही २००८ सालीच, दाखवलं होतं की कोंबड्यांची पिवळी कातडी तांबड्या रानकोंबड्याकडून आलेली नाही, ती राखी रानकोंबड्याकडून आली आहे. राखी रानकोंबडा आमच्या सह्याद्रीतला. कोयनेच्या बाजूला झुडपांतून त्याची तुटक बांग मी लहानपणी कितीदा ऐकली होती.

हे सांगितल्यावर आजोबांनी हातातलं दाण्यांचं घमेलं खाली ठेवलं. तो पक्षी कसा दिसतो, मानेच्या पिसांवरचे मेणचट पिवळे-पांढरे ठिपके किती मोठे, तो पिंजऱ्यात टिकतो का, असं बरंच विचारलं. मग वहीत पिवळ्या पायांच्या रकान्याशेजारी त्यांनी लिहिलं, ‘हिच्या गावाकडून’. ते म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षं आम्हीच तुझ्या डोंगराचं देणं लागतो.” मी त्यांच्याकडून शिकत होते, त्यांचंच खत माझ्या वाफ्यात टाकत होते, आणि देणेकरी मात्र ते स्वतःला म्हणवत होते. परदेशात इतक्या सहजपणे मला कोणी आपल्या बरोबरीला बसवलं नव्हतं.

ती वही बघण्यासारखी आहे. पिलू एक दिवसाचं झालं की त्याच्या बोटांमधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडायचं. दोन पायांचे मिळून चार पडदे, त्यामुळे छिद्रांच्या सोळा वेगवेगळ्या खुणा होतात, आणि कोणतं पिलू कोणत्या जोडीचं ते आयुष्यभर कळतं. प्रत्येक खुणेपुढे त्यांनी त्या पक्ष्याचं पंखातलं एक आणि शेपटीतलं एक पीस चिकटपट्टीने डकवलं आहे. पानं उलटत गेलं की शेपटीचं दुखणं दिसतं. लव्हेंडरला लव्हेंडर देत राहिलं की शेपटीची पिसं विरळ, फाटकी, झिजलेल्या केरसुणीसारखी होतात. मग चांगल्या काळ्या वायनडॉटकडे परतायचं. त्या संकरात सगळी पिलं काळी दिसतात आणि आजवरची मेहनत मातीला मिळाली असं वाटतं. ती पिलं पुन्हा लव्हेंडरला दिली की निम्मी लव्हेंडर निघतात, आणि शेपटी धड आहे अशीच त्यांतली ठेवायची. काळ्याच्या अंगात तांबूस छटा लपलेली असेल तर लव्हेंडर नराच्या मानेवर ती गवती पिवळी होऊन उमटते. आजोबा असा पक्षी खिडकीच्या उत्तरेकडच्या उजेडात धरत, एक बोट मानेच्या पिसांत घालत आणि काही न बोलता त्याला वेगळ्या कप्प्यात सोडत.

नवा रंग स्टँडर्डमध्ये यायचा तर एकट्यादुकट्याचं काम नाही. किमान पाच जणांनी तो किमान पाच वर्षं जोपासलेला असावा, त्यांनी तसं प्रतिज्ञेवर लिहून द्यावं, निम्मी तरी पिलं आईबापांसारखी निघावीत आणि शेवटी पात्रता-प्रदर्शनात किमान ५० पक्षी परीक्षकांपुढे मांडावेत, असा असोसिएशनचा नियम. पुष्कळांना तो जाचक वाटतो. आजोबांना तो फार आवडायचा. “एका रात्री रॅकून आत शिरला, की माझी सगळी वर्षं गेली. पाच घरांत रॅकून एकाच रात्री शिरत नाही,” ते म्हणायचे.

म्हणून ते वाटत गेले. वसंतात फळती अंडी फोममध्ये बसवून पोस्टाने पाठवायचे, पोस्टाचा खर्चही स्वतःच करायचे. चांगले पक्षी स्वतःकडे ठेवून उरलेले देण्याची पद्धत मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे. त्यांनी मला दिलेली जोडी त्यांच्या खुराड्यातली सर्वांत चांगली होती. कोंबड्याचे पाय हळदीइतके पिवळे, शेपटी भरलेली. तो गेल्यावर त्यांच्या स्वतःच्या पक्ष्यांत एक पिढीची पीछेहाट झाली. मी जोडी परत करायला निघाले तेव्हा ते रागावले. रागावलेले मी त्यांना तेवढ्याच एका वेळी पाहिले.

आज माझ्याकडचे पाय पक्के पिवळे झाले आहेत, दाढी गेली आहे. कोंबड्यांच्या शेपट्या अजून मनासारख्या नाहीत. पाचांपैकी आजोबांची जागा रिकामी झाली, ती आता शेजारच्या काउंटीतली, फोर-एच या मुलांच्या मंडळातली एक शाळकरी मुलगी भरते आहे. तिची पाच वर्षं अजून व्हायची आहेत. मार्चमध्ये मी तिला एक लव्हेंडर कोंबडा आणि दोन काळ्या तलंगा देऊन आले. काळ्या का, असं तिने जरा हिरमुसून विचारलं. शेपट्यांची गोष्ट तिला सांगता सांगता दुपार झाली, आणि तिच्या आईने आम्हा दोघींना जेवायला बसवलं.